धम्म, राजकारण आणि दाराबाहेरचा 'रकाना'

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. वक्त्याने ते नंतर स्वतः लिहून दिले आहे.)





समितीने मला 'विहाराची वाटचाल' या विषयावर बोलायला सांगितले होते. ती वाटचाल अध्यक्षसाहेबांच्या अहवालात सविस्तर आलेली आहे. तेव्हा त्यांची परवानगी घेऊन मी थोडे वेगळे बोलणार आहे. येत्या पौर्णिमेपासून मी माझ्या खोलीच्या दाराबाहेर, जिन्याजवळच्या भिंतीवर, एक फळा टांगणार आहे. दर पौर्णिमेला त्यावर हाताने लिहिलेला एक मोठा कागद लागेल. त्याचे नाव मी 'रकाना' असे ठेवले आहे. त्यात मी धम्माविषयी लिहीन आणि राजकारणाविषयीही लिहीन. खाली माझे नाव आणि सही असेल.

ही बातमी वस्तीत आधीच पसरली आहे. गेले पंधरा दिवस जिना चढता-उतरता मला प्रश्न विचारले जात आहेत. कोणी म्हणतो, "काका, धम्मावर लिहा, पण राजकारण कशाला?" दुसरा म्हणतो, "राजकारणावर खुशाल लिहा, पण त्यात धम्म कशाला आणता?" आणि आपल्या एक आजी मला म्हणाल्या, "बाबा रे, आधीच दोन तुकडे झालेत. आता तू तिसरा करू नकोस." तिन्ही प्रश्न रास्त आहेत. अध्यक्षसाहेब म्हणाले, एकेकट्याला जिन्यात उत्तर देत बसू नका, सगळ्यांसमोर सांगा. म्हणून आज सांगतो.

आजी कोणत्या दोन तुकड्यांविषयी बोलत होत्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. २०२४ च्या निवडणुकीच्या आधी एका उमेदवाराने विहाराला खुर्च्या आणि साउंड देऊ केला. घ्यावा की घेऊ नये, यावर दोन तट पडले. पुढल्या १४ एप्रिलला एकाच वस्तीतून दोन मिरवणुका निघाल्या, एकाच पुतळ्याला दोनदा हार घातला गेला, आणि दोन घरे रविवारच्या वंदनेला यायची बंद झाली. कोण बरोबर आणि कोण चूक, हे मी आज या व्यासपीठावरून सांगणार नाही. मला एकच गोष्ट नोंदवायची आहे. एवढे महिने भांडण चालले, कट्ट्यावर चालले, नळावर चालले, मोबाईलवर चालले, पण दोन्ही बाजूंच्या एकाही माणसाने आपले म्हणणे दहा ओळींत लिहून, खाली सही करून, सर्वांना वाचता येईल असे मांडले नाही. तोंडी बोललेले शब्द एका घरातून दुसऱ्या घरात जाईपर्यंत बदलतात. 'खुर्च्या नकोत' याचे 'तुमची माणसे नकोत' असे होते. लिहिलेला शब्द मात्र आहे तसाच राहतो, आणि त्याला उत्तरही लिहून देता येते. रकाना सुरू करण्याचे माझे हे पहिले कारण आहे.

दुसरे कारण आपल्या इतिहासात आहे. बाबासाहेबांनी वृत्तपत्र का काढले, ते जरा आठवू या. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्या काळात मुंबई इलाख्यात वर्तमानपत्रांना तोटा नव्हता. पण अस्पृश्यांचे म्हणणे त्यांत छापून येत नसे. पैसे घेऊन 'मूकनायक'ची जाहिरात छापायलासुद्धा 'केसरी'ने नकार दिला होता, हे खुद्द बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. दुसऱ्याच्या ओट्यावर आपल्याला बोलू देत नाहीत, तर आपला ओटा आपणच बांधायचा, हा त्यांनी घेतलेला मार्ग.

त्या वेळी बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. नोकरी सरकारी, म्हणून संपादक म्हणून त्यांचे नाव देता येत नव्हते. संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पुढे बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि 'मूकनायक' अडचणीत सापडून बंद पडले. म्हणून ते थांबले काय? महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९ आणि २० मार्च १९२७ ला झाला, आणि दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेब. लिहायला माणसे नाहीत, पगार द्यायला पैसा नाही, तेव्हा अंकाचे चोवीस-चोवीस रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले. माझ्या फळ्याचे 'रकाना' हे नाव मी तिथूनच घेतले आहे. ते चोवीस रकाने लिहीत, आपल्याला महिन्याला एक तरी लिहिता यायला हवा.

१९२९ साली 'बहिष्कृत भारत'ही बंद पडले. त्याआधी १९२८ मध्ये 'समता' निघाले होते. २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' निघाले आणि ते पंचवीस वर्षे चालले. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याच 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. धम्मदीक्षेला तेव्हा आठ महिने अवकाश होता. नागपूरला दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला, पण पत्राच्या नावात बुद्धाचा प्रबोध फेब्रुवारीतच आला होता. राजकीय चळवळीच्या मुखपत्राला त्यांनी असे नाव दिले. 'धम्माचे पत्र वेगळे काढू आणि राजकारणाचे वेगळे काढू' असे त्यांनी केले नाही. वाड्या-वस्त्यांत ही पत्रे कशी वाचली जात, ते आपण आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. एकाने मोठ्याने वाचायचे आणि दहाजणांनी ऐकायचे. त्या दहाजणांनी धम्माचा मजकूर आला की कान उघडले आणि राजकारणाचा आला की बंद केले, असे काही ऐकिवात नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. "धम्मावर लिहा, राजकारण कशाला?"

मित्रहो, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आपल्या विहारात दर वर्षावासात होते. त्यात बाबासाहेबांनी धर्म आणि धम्म यांतला फरक सांगितला आहे. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, असे लोक मानतात. धम्म मात्र सामाजिक आहे. एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली, की एकाने दुसऱ्याशी कसे वागायचे हा प्रश्न येतो आणि तिथे धम्म लागतो. आता मला सांगा, पाणी कोणाला किती मिळावे, शाळा कोणासाठी, जमीन कोणाची, हे प्रश्नसुद्धा माणसाने माणसाशी कसे वागावे याचेच आहेत ना? ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना बाबासाहेबांनी सांगितले, की स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत. ती आपण आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. हीच तीन तत्त्वे आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आहेत. मग संविधानावर बोललो तर ते राजकारण आणि बुद्धावर बोललो तर तो धम्म, अशी रेघ कुठे मारायची?

भगवंतांच्या काळातले एक उदाहरण सांगतो. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींवर स्वारी करायची होती. त्याने आपला महामंत्री वस्सकार याला राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर भगवंतांकडे पाठवले. भगवंतांनी वस्सकाराला सरळ उत्तर दिले नाही. मागे उभा राहून आनंद त्यांना वारा घालत होता, त्याला ते विचारू लागले. आनंदा, वज्जी वरचेवर सभा भरवतात का? एकजुटीने जमतात, एकजुटीने उठतात, एकजुटीने कामे करतात का? ठरलेले नियम मोडत तर नाहीत ना? वृद्धांचा मान राखतात का? स्त्रियांवर, मुलींवर जबरदस्ती तर करीत नाहीत ना? आपल्या चैत्यांचा आदर करतात का? अर्हतांचे रक्षण करतात का? या सातही गोष्टी वज्जी पाळतात, असे आनंद म्हणाला. जोवर पाळतील तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असे भगवंतांनी सांगितले. हे सात प्रश्न नीट पाहा. सभा, एकजूट आणि नियम यांना तुम्ही राजकारण म्हणाल. वृद्ध आणि स्त्रिया यांचा प्रश्न समाजाचा. चैत्य आणि अर्हत यांचा प्रश्न धम्माचा. भगवंतांनी ते एका दमात विचारले. वस्सकार गेल्यावर त्यांनी भिक्खूंना बोलावले आणि संघाची हानी होऊ नये म्हणून तसेच सात नियम सांगितले. तेव्हा गणराज्य टिकवणे आणि संघ टिकवणे यांत भगवंतांना मोठे अंतर दिसले नाही.

आता हेच आपल्या घरात आणतो. मुलाला शाळेत घालायचे असते तेव्हा अर्जात दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. एक धर्माचा, दुसरा जातीचा. आपल्या वस्तीत अशी कितीतरी घरे आहेत, जिथे भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, दारावर पंचशील ध्वज आहे आणि शाळेच्या दाखल्यावर धर्म 'हिंदू' आहे. आई-वडिलांना दीक्षेचा विसर पडला म्हणून हे झालेले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू धर्मातल्यांनाच होत्या. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले, तेव्हा राज्यापुरत्या सवलती आपल्याला मिळाल्या. पण केंद्राच्या नोकरीसाठी 'बौद्ध' लिहिले तर सवलत जायची, आणि 'हिंदू' लिहिले तर दीक्षा कागदावर नाकारली जायची. ३४ वर्षे आपल्या माणसांनी हा पेच सोसला. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि अनुसूचित जातीत बौद्धांचाही समावेश झाला.

आता सांगा, हा प्रश्न धम्माचा की राजकारणाचा? नुसत्या वंदनेने तो सुटला नसता, संसदेत कायदा व्हावा लागला. आणि मोर्चे काढणाऱ्यांनी, निवेदने देणाऱ्यांनी, नुकसान सोसून कागदावर 'बौद्ध' लिहिणाऱ्यांनी तो लावून धरला नसता, तर संसदेला तरी तो कशाला आठवला असता?

हा रकाना पुन्हा आपल्या दारात येणार, असे ठरले. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धांची नोंद ८४ लाख ४२ हजार ९७२ झाली, आणि त्यातले ६५ लाख ३१ हजार २०० एकट्या महाराष्ट्रात. २०२१ ला जनगणना झालीच नाही. २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले, की जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होईल आणि तिच्यात सर्वांची जात नोंदली जाईल. ते ऐकल्यापासून वस्तीत दोन प्रश्न फिरत आहेत. पहिला, "धर्म बौद्ध सांगितला तर अनुसूचित जातीची नोंद जाईल का?" याचे उत्तर सरळ आहे. जात नाही. १९९० पासून हिंदू, शीख आणि बौद्ध या तिन्ही धर्मांतल्या माणसांची नोंद अनुसूचित जातीत होते. भीतीपोटी धर्माच्या रकान्यात दुसरे काही सांगण्याचे कारण उरलेले नाही. दुसरा प्रश्न कॉलेजात जाणाऱ्या आपल्या एका मुलीने मला विचारला. "काका, आपण जात सोडली ना? मग जातीच्या रकान्यात काय म्हणून काही सांगायचे?" हा प्रश्न अवघड आहे, आणि त्यात तिचा प्रामाणिकपणा आहे. माझे मत असे, की जात मानणे वेगळे आणि जातीने केलेले नुकसान मोजणे वेगळे. जखम भरून यावी असे वाटते म्हणून डॉक्टरला जखम दाखवायची नाही, असे आपण करीत नाही. पण ते माझे मत आहे. तिचे मत वेगळे असू शकते, आणि तिच्यासारखा विचार करणारी जाणती माणसेही आहेत. अशा प्रश्नावर प्रवचन देऊन भागत नाही आणि घोषणा देऊनही भागत नाही. दोन्ही बाजू लिहून समोरासमोर ठेवाव्या लागतात. 'रकाना'च्या पहिल्या कागदावर हाच प्रश्न असेल. खालची अर्धी जागा मी कोरी ठेवणार आहे. ती त्या मुलीने भरावी.

आता दुसरा प्रश्न. "राजकारणावर लिहा, पण त्यात धम्म कशाला आणता?"

या प्रश्नामागे एक भीती आहे, आणि ती खोटी नाही. या देशात देवाधर्माच्या नावावर मते मागितली जातात आणि माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात, हे आपण पाहिले आहे. आपणही तेच करायचे का? मुळीच नाही. मते मागायला बुद्धाला पुढे करणे वेगळे, आणि मत देताना, मत मांडताना पंचशीलाची आठवण ठेवणे वेगळे. उमेदवार आपल्या जातीचा आहे, की त्याने वस्तीत जेवण दिले आहे, की तो खरे बोलतो, हे तपासायला मला कुठलेतरी माप हवे. ते माप मी धम्मातून घेतो. चौथे शील खोटे बोलू नये असे सांगते, आणि निवडणूक आली म्हणून ते शील पंधरा दिवस रजेवर जात नाही.

आणि याच जागी बाबासाहेबांचा एक इशाराही ध्यानात ठेवला पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी बजावले, की धर्मात भक्ती माणसाला मुक्तीच्या वाटेने नेत असेल, पण राजकारणात भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितले, की या देशाला लोकशाही नवी नाही. भिक्खू संघात सभेचे नियम होते. कोणी कुठे बसायचे, ठराव कसा मांडायचा, किती जण हजर हवेत, मते कशी मोजायची, सारे ठरलेले होते. विनयपिटकात शलाका, म्हणजे मतदानाच्या काड्या, वाटून मत घेण्याची रीत आहे. धम्माने आपल्याला भक्ती शिकवली नाही, विचारायला शिकवले. कालामांना भगवंतांनी काय सांगितले? परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. मग आपल्या पुढाऱ्याने सांगितले म्हणून ती कशी मानायची? राजकारणात धम्म आणायचा तो एवढ्यासाठी, की पुढाऱ्याला प्रश्न विचारण्याची हिंमत राहावी. त्यात आपला पुढारीही आला.

आता कोणी विचारील, हे सगळे खरे असेल, तर विहाराच्याच फलकावर लिहा ना. स्वतःच्या दारावर वेगळा फळा कशासाठी?

याला दोन कारणे आहेत. एक कायद्याचे. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग होऊ नये म्हणून १९८८ साली कायदा झाला आहे. धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरायला त्यात मनाई आहे. तो कायदा देवळाला लागू आहे, मशिदीला आहे, तसा विहारालाही आहे. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. विहार सर्वांचा आहे. इथे या पक्षाला मत देणारा येतो, त्या पक्षाला देणाराही येतो. मी लिहिलेले मत विहाराच्या भिंतीवर लागले, तर ते विहाराचे मत होते, आणि ज्याला ते पटत नाही त्याला विहार परका वाटू लागतो. दोन घरे आधीच दुरावली आहेत, तिसरे माझ्या लिहिण्याने दुरावू नये. माझे मत माझ्या दारावर लागेल. राग आला तर माझ्यावर काढा, माझ्या दारात येऊन भांडा, चहा पिऊन जा. पण रविवारची वंदना चुकवू नका.

तिसरी गोष्ट सहीची. हल्ली मोबाईलवर रोज सकाळी दहा-वीस संदेश येतात. वर निळे अक्षर, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, खाली एक वाक्य आणि 'पुढे पाठवा'. ते वाक्य बाबासाहेबांचे आहे की नाही, कोणी पाहत नाही. कोणी लिहिले, त्याचा पत्ता नसतो. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडाखंडाने छापली आहेत. त्यातले काही खंड आपल्या विहाराच्या कपाटात आहेत. तेव्हा मी स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत, ते आज तुम्हां सर्वांसमोर सांगतो, म्हणजे मोडले तर तुम्हाला विचारता येईल. बाबासाहेबांचे म्हणून काही लिहिले, तर खंड आणि पान लिहीन. ते सापडले नाही, तर वाक्य लिहिणार नाही. कोणाला मत द्या किंवा देऊ नका, असे लिहिणार नाही. वस्तीतल्या कोणाच्या घरातली गोष्ट भिंतीवर आणणार नाही. आणि माझ्या विरोधात सही करून कोणी लिहिले, तर ते काढणार नाही.

काय लिहावे आणि काय लिहू नये, याचे उत्तम माप भगवंतांनी अभय राजकुमाराला दिले आहे. तथागत अप्रिय बोलतात का, असा त्याचा प्रश्न होता. त्याच्या मांडीवर तेव्हा त्याचे तान्हे मूल होते. भगवंतांनी विचारले, या मुलाने तोंडात खडा घातला तर तू काय करशील? तो म्हणाला, बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया येते. भगवंत म्हणाले, तसेच आहे. जे खरे नाही ते तथागत बोलत नाहीत. जे खरे आहे पण हिताचे नाही, तेही बोलत नाहीत. जे खरे आणि हिताचे आहे, ते ऐकणाऱ्याला आवडो वा न आवडो, योग्य वेळ पाहून बोलतात. मला वाटते, लिहिणाऱ्याला याहून मोठा संपादक मिळणार नाही. खरे आहे का, हिताचे आहे का, वेळ योग्य आहे का, हे तीन प्रश्न मी कागदाच्या पाठीमागे लिहून ठेवणार आहे.

"हे आत्ताच का सुचले?" असेही एकाने विचारले. त्याचे उत्तर साधे आहे. मी सरकारी नोकरीत होतो आणि नोकरीच्या नियमांनी राजकारणावर जाहीर लिहिण्याला मनाई होती. या वर्षी निवृत्त झालो. पेन्शन सुरू झाली आहे, डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, अक्षर अजून बरे आहे. "तुम्ही कोण लिहिणार? तुम्ही काय पुढारी आहात की विद्वान?" असे कोणाच्या मनात असेल, तर मी दोन्ही नाही. पण मतदार आहे आणि उपासक आहे. एवढ्या दोन पदव्या लिहायला पुरेशा नसतील, तर बाबासाहेबांनी दिलेल्या मताधिकाराचा आणि दीक्षेचा आपण अर्थ तरी काय केला?

आता शेवटी आजींच्या प्रश्नाचे उत्तर. "तिसरा तुकडा करू नकोस."

आजी, मघाशी मी वस्सकाराची गोष्ट सांगितली. ती तिथेच संपत नाही. अट्ठकथेत पुढली हकिकत आहे. लढून वज्जी हरत नाहीत हे कळल्यावर वस्सकार भांडणाचे नाटक करून मगधातून निघाला आणि वज्जींत येऊन राहिला. तो काय करी? एकाला बाजूला घेऊन कानात काहीतरी साधेच विचारी, शेत नांगरले का, आज काय जेवलास. दुसऱ्यांना वाटे, याने काय सांगितले असेल? त्याने खरे सांगितले तरी कोणाचा विश्वास बसेना. तीन वर्षांत असे झाले, की दोन वज्जी एका वाटेने चालेनात. मग सभेचा नगारा वाजला तेव्हा कोणी जमले नाही, आणि अजातशत्रूला दरवाजे उघडेच मिळाले. आजी, वज्जी उघड वादाने फुटले नाहीत. जोवर ते सभेत वाद घालत होते तोवर अभेद्य होते. कानातल्या कुजबुजीने ते फुटले.

आपल्या वस्तीतही तेच झाले आहे. १९५७ साली बाबासाहेबांच्या कल्पनेतला रिपब्लिकन पक्ष नागपूरला स्थापन झाला, आणि पुढे त्याचे किती गट झाले ते मोजायला बसलो तर दुपारचे जेवण निघून जाईल. मतभेद होणारच. त्यांना बसायला जागा लागते. ती जागा विहारात नसावी, कारण इथे सर्वांनी एकत्र बसायचे आहे. ती कुजबुजीत तर नसावीच. म्हणून ती मी माझ्या जिन्याजवळच्या भिंतीवर करून देतो आहे. आजी, तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा दर पौर्णिमेला संध्याकाळी तुमची नात तुम्हाला तो कागद मोठ्याने वाचून दाखवील. तुम्हाला काही म्हणायचे असेल तर तुम्ही सांगा, ती लिहील, आणि खाली तुम्ही अंगठा द्या. तुमचा अंगठा माझ्या सहीच्या शेजारी लागेल.

जी दोन घरे वंदनेला येत नाहीत, त्यांच्याकडे मी परवा जाऊन आलो. त्यांनाही हेच सांगितले. खुर्च्यांविषयी तुमचे जे म्हणणे होते, ते लिहून द्या. जसेच्या तसे लावतो. दुसऱ्या बाजूनेही लिहून द्यावे. तेही तसेच लावतो. ते दोन कागद शेजारी-शेजारी लागले, की आपल्याला पहिल्यांदा कळेल, भांडण नेमके कशावर होते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, माझी विनंती एवढीच. येत्या पौर्णिमेला वंदना आटोपली की घरी जाताना माझ्या जिन्यावरून जा. कागदाखाली दोरीला पेन बांधलेला असेल.

 

नमो बुद्धाय! जयभीम!